मोराचं डोमेन

आक्का, तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून आम्ही मागं सरतोय तोवर तो आलासुद्धा. शेजारी दुसऱ्या घरचे पिंड केव्हापासून वाट बघत होते, ते सोडून त्यानं तुझ्याच भातात चोच घातली. दाजींनी डोळे पुसले. आत्या म्हणाली, "सुटली बाई. मागं काई राहिलं न्हाय तिचं." सगळ्यांना बरं वाटलं. मला मात्र त्या कावळ्याचा राग आला.

कारण राहिलं होतं. तू मला एक प्रश्न घालून गेली होतीस आणि त्याचं उत्तर मी दिलेलं नव्हतं. घाटावर लोक हात जोडून काय काय कबूल करतात, पोरीचं लग्न करून देतो, भावाशी बोलायला लागतो. मीही मनात वाक्य जुळवत होतो, की आक्का, थोडी थांब, मोराचं उत्तर शोधतोय. वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा जेवून उडून गेला. म्हणजे माझ्या उत्तरावाचून तुझं काही अडलं नव्हतं तर. घरी येताना मी रिक्षात कुणाशी बोललो नाही. लोकांना वाटलं, भाऊ दुःखात आहे. दुःख होतंच, पण त्या घटकेला रागच जास्त होता, तुला सांगायला काय लाज.

तू गणिताची मास्तरीण आणि मी चादरीवर मोर काढणारा. वर्गात तू छापील मराठी बोलायचीस, मधेमधे इंग्रजी, आणि घरी आलीस की पुन्हा आपली सोलापूरची भवानी पेठ. माझ्या बारावीच्या वर्षी तू मला फंक्शन शिकवलंस ते अशाच भाषेत. पुस्तकातली व्याख्या मी पाठ म्हणून दाखवली आणि तू पुस्तक मिटून मला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात घेऊन गेलीस. आपल्याला पावशेर शेंगदाणे घ्यायचे होते, चटणीला. दुकानदार तराजू लावत होता आणि तू माझ्या कानाशी कुजबुजत होतीस.

"फंक्शन म्हंजे हा काटा, बापू. काई ठेव, तो एकच आकडा सांगतो. एकाच पुडीचं एकदा अर्धा किलो नि एकदा पाऊण किलो सांगायला लागला तर तो काटाच न्हवं."

मी विचारलं, गुळाचं आणि साखरेचं वजन सारखं भरलं तर? तू म्हणालीस, भरू दे की, दोघांना एक उत्तर चालतं, एकाला दोन चालत नाहीत. मग डोमेन सांगितलंस. काट्यावर काय काय ठेवायला मुभा आहे, ते डोमेन. म्हैस आणून उभी केली तर दुकानदार हाकलून देईल, म्हणजे म्हैस डोमेनच्या बाहेर. आणि काटा जे आकडे खरोखर दाखवतो ती रेंज. मला गंमत वाटायला लागली होती. मी विचारलं, आणि काहीच ठेवलं नाही तर? तू हसलीस. म्हणालीस, मग शून्य, आणि शून्य हेसुद्धा उत्तरच. दुकानदारानं विचारलं, बहीण-भावाचं काय चाललंय, घ्यायचंय का काही? घरी जाईपर्यंत आपण हसत होतो.

तरी मी नापास झालो. आप्पा म्हणाले, "ह्याला गणित येत न्हाय. उगं ओढाताण नको." आईनं मान हलवली. मीही हलवली, कारण मला तेच वाटत होतं. तू तेवढी काही बोलली नाहीस. कडक भाकरीचा तुकडा मोडून चटणीत दाबत बसलीस. माझी बाजू घेशील असं वाटलं होतं. तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ मी एकच लावला, की तुलाही ते पटलेलं आहे. तुला खरंच काय वाटलं, हे मी त्या दिवशी विचारलं नाही आणि नंतर विचारायची हिंमत झाली नाही. विषय जुना होत गेला, पण आतून गेला नाही.

मी चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढायला लागलो. चौकटींचा मोठा कागद, पेन्सिल, लाल रंग. माझ्या कागदालाही ग्राफच म्हणतात हे कळल्यावर तुला कोण आनंद झाला होता. पहिला मोर काढून मी घरी आणला तो तुला दाखवायलाच. तू बराच वेळ बघितलास. म्हणालीस, मोर असा लांबुडका का? मी म्हणालो, कागदावर लांबुडका काढावा लागतो, मागावर आडवे धागे दाबून बसतात, मग चादरीत तो नीट दिसतो. तुझे डोळे मोठे झाले. चुकीचा काढायचा म्हणजे बरोबर येतो, असं तू दोनदा स्वतःशीच म्हणालीस.

आणि मग तू माझी फूटपट्टी मागितलीस. ती मोरावर उभी धरलीस आणि डावीकडून उजवीकडं सरकवत नेलीस. शेपटीपाशी पट्टी पाच ठिकाणी रंगाला लागली, पोटापाशी दोन ठिकाणी, मानेपाशी पुन्हा तीन. "एका जागी उभं राहून विचारलं तर तुझा मोर पाच पाच उत्तरं देतो," म्हणालीस. "लई सुंदर हाय, पण फंक्शन न्हाय."

तिथून जे भांडण सुरू झालं ते आपण जन्मभर भांडलो. मी नवीन डिझाइन आणलं की तू आधी कौतुक करायचीस आणि मग पट्टी मागायचीस. कमळ नापास. कलश नापास. हत्ती तर सपशेल नापास. पास व्हायची ती फक्त काठाची नागमोडी रेघ, तीही मी वळण जास्त दिलं नसेल तर. माझ्या लग्नात तू मांडवाच्या झालरीवर बोट उभं धरून मला खुणावलं होतंस, की ही पास आहे. बायकोनं मला विचारलं, तुमच्या बहिणीला बरं नाही का? मी तुला म्हणायचो, अगं आक्का, फंक्शन नसू दे, विणला तर जातोय ना मोर? लोक अंगावर घेऊन झोपतायत. तू म्हणायचीस, झोपू देत की, मी कुठं उठवतीय.

पण एका रविवारी तू माझ्याच कागदावर जे काढलंस ते मी विसरणार नाही. विजापूर रोडच्या तुझ्या घरी, जेवणं झाल्यावर. कोपऱ्यात तू लिहिलंस, एक भागिले एक्स. मग ठिपके दिलेस. एकाला एक. दोनाला अर्धा. चाराला पाव. उलट्या बाजूला अर्ध्याला दोन, पावाला चार. ठिपके जोडलेस आणि एक वळण उमटलं, एका टोकाला आडव्या रेघेकडं खाली खाली येणारं, दुसऱ्या टोकाला उभ्या रेघेला धरून वर वर जाणारं. शून्यावर तू काहीच काढलं नाहीस. तिथं दार बंद, म्हणालीस, भाकरी शून्य माणसांत वाटून दाखव, मग उघडते.

मी विचारलं, पुढं गेल्यावर तरी हे खालच्या रेघेला टेकेल की. तू नाही म्हणालीस. कागद संपला तरी? नाही. सोलापूर संपलं, जेऊरच्या पुढं गेलं तरी? तरी नाही, म्हणालीस, जवळ जात राहतं, टेकत नाही. तोवर हे तू वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आली होतीस. तरी त्या दुपारी तू पेन्सिल खाली ठेवलीस आणि त्या वळणाकडं पहिल्यांदा बघितल्यासारखी बघत राहिलीस.

"मी एवढीशी अक्षरं लिहिली की रे," तू म्हणालीस. "आणि हे सगळं आधीच त्यात होतं."

मला तेव्हा समजलं नाही, पण तुझा चेहरा समजला. सिद्धेश्वराच्या गाभाऱ्यात आईचा चेहरा व्हायचा तसा तो झाला होता. मी आपली चेष्टा केली, की असल्या रेघेची चादर कोण घेईल. खरं तर मला हेवा वाटला. आपल्या एकाच घरात, एकाच भाकरीवर वाढलेल्या बहिणीला काहीतरी दिसतंय आणि मला ते दिसत नाही, याचा. मला येत नाही, असं ठरलेलं होतंच.

मग तुझं आजारपण आलं. दवाखान्यात तुझ्या उशाशी ते यंत्र होतं, हिरवी रेघ उड्या मारत पुढं जायची. मला तिच्याकडं बघवत नव्हतं. तू मात्र मान वळवून वळवून बघायचीस. नर्सबाईंना वाटलं तू घाबरलीस. त्या समजावायला आल्या तर तू त्यांनाच समजावलंस, की बघा, ही पास आहे, कुठल्याही क्षणाला विचारा, एकच उत्तर आहे, आणि ही कधी मागं वळत नाही. बाई हो हो म्हणून गेल्या. मला हसू आलं आणि पाठोपाठ रडू आलं, म्हणून मी बाहेर जाऊन चहा पिऊन आलो.

आलो तर तू विचारात पडली होतीस. मला जवळ बोलावलंस. तुझा आवाज तेव्हा बारीक झाला होता.

"बापू, तुझा मोर फंक्शन हाय."

मी म्हणालो, आक्का, आता माझं मन राखायचं म्हणून तू हरू नकोस. तू मान हलवलीस. म्हणालीस, मोराचं बरोबर होतं, मीच इतकी वर्षं भलत्या डोमेनवर बसून पट्टी सरकवत होते. वर्गात पोरांना जे करू नका म्हणून ओरडते तेच मी केलं. मी म्हणालो, मग कुठलं डोमेन? तू हसलीस.

"ते तू सांगायचं."

"सांग की तूच."

"न्हाय. तू सांग."

दुसऱ्या दिवशी मी आलो ते उत्तर घेऊन. मोर आडवा धरायचा. तू म्हणालीस, पट्टीला काय, ती आडव्या मोरालाही पाच ठिकाणी लागेल. तिसऱ्या दिवशी म्हणालो, मोराची फक्त वरची कड धरायची, तू वर्तुळाचं वरचं अर्ध धरतेस तशी. तू विचारलंस, मग मोर कुठं उरला? बरोबर होतं तुझं. मी पुढचं उत्तर शोधायला लागलो, आणि त्याच आठवड्यात तू गेलीस. त्या सकाळी तुला जरा बरं वाटत होतं. शेंगाचटणी मागून घेतलीस, दाजींनी कमी तिखट आणली म्हणून त्यांना बोललीस. माझ्याकडं बघून भुवई उडवलीस, म्हणजे काय झालं मोराचं? मी म्हणालो, उद्या. आक्का, मी खरंच उद्या म्हणालो.

कॉलेजात तुझी शोकसभा झाली. एक जण उभा राहिला आणि म्हणाला, मॅडम इतक्या कडक की त्यांचा पाय वाजला की व्हरांडा रिकामा. दुसरी म्हणाली, मॅडमसारखं खळखळून हसणारं माणूस मी पाहिलं नाही. तिसरा म्हणाला, त्या फार बोलत नसत. चौथी म्हणाली, बोलायला लागल्या की थांबत नसत. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होतो. माझी स्वतःची आक्का आणखी निराळीच होती, माझ्या बारावीच्या निकालाला गप्प बसलेली. मला वाटलं, यातली खरी कोण? तुझ्यावर कुणी पट्टी उभी धरली तर ती किती ठिकाणी लागेल.

तेरावा झाला आणि मी कामावर गेलो. जाऊन बघतो तर घोळ. आता मी डिझाइन कॉम्प्युटरवरच काढतो, पण जुना मोर अजून मागणीत आहे आणि त्याची पुठ्ठ्याची कार्डं जुन्या मागावर चालतात. काही कार्डं फाटली होती, ती माझ्या माघारी कुणीतरी भोकं पाडून नवीन केली. आता चादर विणून येत होती ती मोराचा डोळा मिटलेली. एका ओळीला एक कार्ड असतं आणि कार्डावर जिथं भोक तिथला उभा धागा वर उचलला जातो, भोक नसेल तिथला खालीच राहतो. कुठंतरी नको तिथं भोक पडलं होतं.

असली चूक शोधायची आमची एक रीत आहे. मागावरचा नरसय्या, माझ्याच वयाचा, कार्ड उजेडाला धरतो आणि विचारतो. मी माझा मूळ ग्राफ समोर पसरून उत्तर देतो. तो मनात तेलुगूत मोजतो आणि मला मराठीत विचारतो. ओळ कुठली, धागा कितवा, दोन्ही सांगतो. मी चौकट बघतो. रंगवलेली असली तर म्हणायचं वर, रिकामी असली तर खाली. तिसरा शब्द आम्हाला लागत नाही.

आम्ही सुरू केलं. तो विचारत होता, मी सांगत होतो. वर. खाली. खाली. वर. आयुष्यभर हेच करत आलोय, त्यामुळं डोकं दुसरीकडं होतं, तुझ्याकडंच होतं. मधे नरसय्या नुसतंच म्हणाला, "बावन्नावा धागा?" मी म्हणालो, "अरे, ओळ कुठली ते सांग की. नुसत्या धाग्यावर मी काय सांगू, तो दहा ठिकाणी वर हाय नि दहा ठिकाणी खाली."

हे बोललो आणि माझा हात कागदावर तसाच राहिला.

आक्का, मीच बोललो होतो ते. नुसता धागा विचारला तर मोर दोन उत्तरं देतो. धागा आणि ओळ दोन्ही विचारलं की एकच देतो. दरवेळी एकच. कुठल्याही चौकटीला विचार, ती वर म्हणेल नाहीतर खाली म्हणेल, दोन्ही कधी म्हणत नाही, आणि गप्पही बसत नाही. रिकामी चौकटसुद्धा बोलते, काट्यावर काही नसलं तरी काटा शून्य बोलतो तशी. तुझी पट्टी फक्त धाग्याला विचारत होती. डोमेन म्हणजे कागदाची खालची कड नाही, डोमेन म्हणजे सगळ्या चौकटी, सगळा कागद. आणि रेंज? रेंज दोनच, वर आणि खाली.

नरसय्या हाका मारत होता. मला कागदावरून नजर काढवेना. इतकी वर्षं मी काढलेला मोर, त्याचा तुरा, मानेचा बाक, पिसाऱ्यातला एकेक डोळा, हे सगळं दोन उत्तरांत मावलेलं होतं. वर, खाली, एवढंच. आणि मोरच काय, कमळ, कलश, तुझा तो सपशेल नापास हत्ती, सगळे. ज्या ज्या चादरी या गावातून बाहेर गेल्या, त्या सगळ्यांच्या मोरांना हीच दोन उत्तरं पुरली. मी एवढे चौकोन रंगवले आणि हे सगळं आधीच त्यात होतं. तुझा त्या रविवारचा चेहरा मला आठवला, आणि तो चेहरा आता माझा झाला असणार, कारण नरसय्या हातातलं कार्ड ठेवून जवळ आला आणि म्हणाला, बस जरा, पाणी पी.

पाणी प्यालो. मग सगळा दिवस तेच डोक्यात. शोकसभेतलं कोडंही सुटलं. तुमची मॅडम कशी होती, एवढंच विचारलं तर चार माणसं चार उत्तरं देणारच, तो प्रश्नच अर्धा. कुठली वेळ, कुणासमोर, हे पुरतं विचारलं तर तुझं उत्तर एकच असायचं, आणि ते त्या जागी बरोबर असायचं. व्हरांड्यात कडक तीही तू, किराणा दुकानाबाहेर हसणारी तीही तूच.

फक्त एक चौकट मला वाचता येत नव्हती, निकालाच्या दिवशीची. ओळ माहीत होती, धागा माहीत होता, उत्तर माहीत नव्हतं.

संध्याकाळी तडक तुझ्या घरी गेलो. दाजी एकटेच बसले होते, टीव्ही लावून, आवाज बंद करून. मी चप्पल काढायच्या आधी सांगायला सुरुवात केली. चौकटी, धागा, ओळ, वर, खाली. दाजी आयुष्यभर कचेरीत बसलेले, त्यांना यातलं किती कळलं देव जाणे, पण ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मी म्हणालो, दाजी, हे तिला सांगायचं राहिलं. मग कावळ्याचंही बोललो, तो राग अजून गेला नव्हता. म्हणालो, माझं उत्तर राहिलेलं असताना तो शिवला कसा?

दाजी हसले. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

"तिला ठाव होतं की हे उत्तर. तुला घातलं त्याच दिवशी मला सांगितलं तिनं, चौकटी का काय ते. मी म्हणलो, मग सांगून टाक त्याला, बिचारा रोज डोकं खाजवत येतोय."

मी विचारलं, मग काय म्हणाली?

दाजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणली, सांगू नका. बारावीला नापास झाला तवाच म्हणणार होते, पण आप्पांपुढं बोलले न्हाय. त्याला येतं, म्हणली."

आक्का, माझा बारावीचा निकाल लागला बघ.